चासीचा रंग

श्रावणातल्या एका ओल्या दुपारी मी बेळगावच्या रविवार पेठेत एका रंगाच्या दुकानात उभा होतो. छत्रीचे पाणी उंबऱ्यावर निथळत होते, आत टर्पेंटाइनचा आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास कोंडला होता, आणि जुन्या ट्रकच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पुन्हा गंज धरू नये म्हणून काय लावावे एवढेच मला विचारायचे होते. माझे वाक्य पुरे होण्याआधीच दुकानदाराने मागच्या फळीवरून रेड ऑक्साईडचा डबा उतरवला, त्यावर काळ्या इनॅमलचा डबा ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवत म्हणाला, "चासीच न्हवं? हे दोन हात मारा, वर काळा मारा. मग आत काय हाय ते कोण बघतंय?" त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. उसाच्या हंगामाआधी घाईने तयार व्हायच्या कितीतरी गाड्या त्याने याच दोन डब्यांवर मार्गी लावल्या असतील. मी "नंतर सांगतो" म्हणून बाहेर पडलो, पण खानापूरची बस येईपर्यंत आणि बस सुटल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना.

आत काय आहे तेच तर मला बघायचे होते, आणि बघायची थोडी भीतीही वाटत होती.

गाडी म्हणजे आमच्या घरची टाटा १२१०. आजोबांनी घेतली, काकांनी चालवली, आणि गेली बरीच वर्षे ती जांबोटीच्या बाजूला, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाटांचा मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला, पण आजोबा आणि त्यांच्या पिढीतले लोक टाटाच्या कुठल्याही ट्रकला पुढे कितीतरी वर्षे 'मर्सिडीज'च म्हणत. या मर्सिडीजने हंगामात संकेश्वरच्या कारखान्याला ऊस ओढला, उन्हाळ्यात खानापूरच्या भट्ट्यांवरून कौले आणि विटा नेल्या, आणि मधल्या काळात बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने आंबोलीचा घाट उतरून शिरोड्याचे मीठ आणले. ऊस आणि विटा यांनी चासीचे फारसे वाकडे केले नाही. मिठाने केले. गोण्या ओल्या असत, घाटात पाऊस लागला की फळ्यांच्या फटींतून खारे पाणी झिरपे आणि नेमके मागच्या दोन क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या तुळयांवर, ठिबके. काकांना हे सगळे ठाऊक होते. चासीवरचा गंज दाखवत ते सांगत, हा मिठाचा, हा मळीचा, आणि हा गाडी नुसती उभी राहिल्याचा. तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा खाली येई, कारण गाडी उभी करण्याचा निर्णय त्यांचाच होता.

केबिन आणि बॉडी उतरवून चासी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, तेव्हा बेळगावच्या ऑटोनगरातून आलेल्या मिस्त्रींनी आधी रंगाचा विषय काढूच दिला नाही. त्यांनी लहान हातोडी घेतली आणि पुढच्या टोकापासून वीतभर अंतरावर ठोकत ते मागे सरकू लागले. चांगल्या जागी खणखणीत आवाज यायचा. मागच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरपाशी मात्र तो एकदम बद्द झाला. पूर्वी कधीतरी जास्त वजनाने तिथे चीर गेली होती आणि कोणीतरी मूळ चॅनेलच्या आतून दुसरी पट्टी बसवून रिव्हेट मारले होते. त्या दोन पत्र्यांच्या मध्ये गंज वाढला होता. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि जागा मिळाली नाही की करून घेतो. पट्टीची कड त्याने बोटभर वर उचलली होती आणि दोन रिव्हेटची डोकी उडवली होती. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तपकिरी पापुद्रे निघतच राहिले, एकाखाली एक, आणि शेवटचे ओलसर होते. कित्येक वर्षे शेडच्या बाहेर न गेलेल्या गाडीच्या पोटात तेवढी ओल कुठून टिकली असेल, याचा मला अजून उलगडा होतो आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेते हे शाळेत शिकलेले खरे, पण ते बोटाला लागले की वेगळे वाटते.

रेड ऑक्साईडविषयी मला आधीच माया आहे, हे सांगून टाकतो. आमच्या भागात लोखंड म्हटले की हाच रंग. खिडकीच्या सळ्या, गोबर गॅसची टाकी, उसाची ट्रॉली, शाळेचे फाटक, सगळे आधी याच तांबड्या रंगात न्हायचे आणि पुष्कळदा वरचा रंग लावायचे राहूनच जायचे. गंमत म्हणजे तो तांबडा रंग हादेखील लोहाचा ऑक्साईडच, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊबंद. तो स्वतः काही करत नाही, नुसता थर होऊन बसतो. गंजाला आवर घालण्याचे काम त्यात मिसळलेले झिंक क्रोमेट करते, आणि भारतीय मानक आयएस २०७४ मध्ये ज्या प्रायमरचे, म्हणजे तळाच्या पहिल्या हाताच्या रंगाचे, वर्णन आहे तो हा रेड ऑक्साईड-झिंक क्रोमचाच. बाजारातल्या स्वस्त डब्यात क्रोमेट किती आणि नुसती तांबडी माती किती, हे डब्याकडे बघून कळत नाही. शिवाय ते क्रोमेट ज्या प्रकारच्या क्रोमियमचे असते, त्याची धूळ कर्करोगाला कारण होते, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याची जागा झिंक फॉस्फेटने घेतली आहे. त्याच्याही आधीच्या काळात पुलांना आणि जहाजांना शेंदूर लावत. आमच्या वेशीवरच्या मारुतीला तेलात कालवून चढवतात तोच शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साईड, जवसाच्या तेलात घोटला की तेलाशी संयोग पावून लोखंडावर असा थर धरतो की त्याखाली गंज सरकायला नाखूश असतो. गंज रोखण्यात तो फार जुना आणि फार चांगला, पण शिसे ते शिसेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर राहिले, तरी ज्या अंगणात पोरे खेळतात तिथे शेंदूर खरवडण्याची माझी तयारी नव्हती.

मग जस्त. जस्ताची कल्पना मला सगळ्यांत देखणी वाटते. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीला ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज येत नाही, कारण लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजते. जस्ताची भुकटी ठासून भरलेला इपॉक्सी प्रायमर हेच करतो. सुकलेल्या थरात वजनाने ८० टक्के जस्त असेल तरच आयएसओ १२९४४ हे आंतरराष्ट्रीय मानक त्याला झिंक-रिच, म्हणजे जस्ताने भरलेला, मानते. पण त्याची अट कडक आहे. जस्ताचा कण उघड्या लोखंडाला टेकला पाहिजे, तरच त्या दोघांत विजेचा व्यवहार होतो. मध्ये गंजाचा पातळ पडदा जरी राहिला तरी तो महागडा रंग केवळ करडा रंग उरतो. शिवाय त्यावर साधे तेली इनॅमल मारले की जस्त आणि तेल यांचा साबण होतो आणि वरचा थर पोपडे धरून सुटतो. कारखान्यातल्या कोऱ्या पोलादाला हा प्रायमर शोभतो. मिठाने खड्डे पाडलेल्या, रिव्हेटच्या डोक्यांमागे ब्रशही न पोहोचणाऱ्या आमच्या चासीचे काम त्याच्या हातून कितपत झाले असते, याची मला शंका होती.

याच्या अगदी उलट स्वभावाचा एक रंग परदेशात जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा लाडका आहे. पीओआर-१५ हे त्याचे प्रसिद्ध नाव, आणि त्यातल्या पहिल्या तीन अक्षरांचा अर्थच गंजावर मारायचा रंग असा. हा पॉलियुरेथेनचा प्रकार हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणजे आमच्या खानापूरच्या हवेत त्याला तक्रारीला जागा नाही. खडबडीत, गंजाळ पृष्ठभागावर तो उत्तम चिकटतो आणि गुळगुळीत स्वच्छ पोलादावर मात्र नखरे करतो. उन्हात टिकत नाही, वर दुसरा रंग लागतो. आणि डब्याच्या काठावर थेंब राहिला तर झाकण पुन्हा उघडत नाही, असे वापरणारे हसत सांगतात. मी तो जवळजवळ मागवलाच होता. थांबलो ते एका कारणासाठी. तो गंजाला डांबून ठेवतो. सुटे पापुद्रे आधी काढा असे त्याचे कर्तेही सांगतात, पण ते काढल्यावर खाली काय उरले हे न बघताही काम होऊ शकते, हेच तर त्याचे आकर्षण. रविवार पेठेतल्या त्या दोन डब्यांत आणि या आयात केलेल्या डब्यात मला किमतीपलीकडे फारसा फरक दिसेना. दोन्ही झाकणार, एक चांगले झाकणार, एवढेच.

हिरड्याची आठवण काकांनी काढली. कणकुंबी-चोर्ल्याच्या रानात हिरडा भरपूर, आणि एके काळी तो पोत्यांनी गोळा होऊन चामडे कमावण्यासाठी बाहेर जाई. लोखंडाच्या कढईत हिरडा उकळला की पाणी शाईइतके काळे होते, हे घरातल्या बायकांना माहीत असायचे आणि म्हणून त्या तो लोखंडात उकळत नसत. गंज-रूपांतरक म्हणून बाजारात बाटलीत मिळते त्यात पुष्कळदा हेच टॅनिक आम्ल असते. गंजाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा, न विरघळणारा थर तयार होतो. हौस म्हणून आम्ही हिरड्याचा दाट काढा करून एका सुट्या ब्रॅकेटला लावला. तांबूस भाग डोळ्यांदेखत काळवंडत गेला आणि काकांच्या चेहऱ्यावर, सरकारी योजनेचे पैसे खरोखर खात्यात जमा झाल्यावर येते ती शंकामिश्रित खुशी आली. पण दुसऱ्या दिवशी नखाने खरवडले तर काळ्याच्या खाली तांबडे जसेच्या तसे. वरचा पातळ थर बदलतो, जाड पापुद्र्याच्या तळाशी तो पोहोचत नाही. फॉस्फोरिक आम्लाच्या बाटलीचेही तेच, वर त्याचे उरलेसुरले आम्ल नंतरच्या इपॉक्सीची पकड बिघडवते. ते ब्रॅकेट अजून शेडच्या खुंटीला टांगलेले आहे. दिसायला सुरेख आहे.

डांबरी काळा, ज्याला मिस्त्री लोक चासी ब्लॅक म्हणतात, तो डिझेलचा थेंब पडला की विरघळतो, म्हणून बाद झाला. रबरासारखे अंडरकोटिंग तडकले की मागे पाणी धरून ठेवते आणि वरून काहीच कळू देत नाही. गरम जस्तात बुडवायचे तर साडेचारशे अंश सेल्सिअसच्या हौदात सबंध चासी पिळवटण्याचा धोका, आणि तेवढा लांब हौद जवळपास शोधत फिरावे लागले असते. पावडर कोटिंगलाही तीच लांबीची अडचण. दगड उडून त्याचा टवका गेला की पाणी आतल्या आत पसरते, हेही होतेच.

या सगळ्या फिरण्यातून एक गोष्ट मला पटत गेली. रंगाची निवड दुकानात होत नाही. लोखंड आपण कितपत उघडे करू शकतो, यावर ती ठरते. रंगकामाच्या जगात यासाठी मोजमाप आहे. मूळ स्वीडनमध्ये ठरलेली आणि आता आयएसओ ८५०१-१ मध्ये असलेली छायाचित्रे समोर धरून पृष्ठभाग ताडायचा. तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने घासून जेमतेम एसटी-३ ही पायरी गाठता येते. त्यात खड्ड्यांच्या तळाचा गंज तसाच राहतो, उलट ग्राइंडरचा कप ब्रश त्यावर चकाकी आणून तो स्वच्छ असल्याचा भास करून देतो. दाबाखालच्या हवेने खडी मारली तर एसए अडीच मिळते, म्हणजे जवळजवळ पांढरे पोलाद. उद्यमबागेच्या बाजूला कास्टिंग साफ करणारे आणि फॅब्रिकेशनचे सांगाडे ब्लास्ट करून देणारे लोक आहेत. एका ठिकाणी नदीची वाळू वापरत होते आणि मुलाने तोंडाला ओला टॉवेल बांधला होता. वाळूच्या त्या धुळीने फुप्फुसे कायमची दगडी होतात, हे माहीत असताना तिथे चासी सोडवेना. दुसरीकडे तांबे गाळताना उरलेल्या मळीची खडी होती आणि मारणाऱ्याच्या डोक्यावर हवेची नळी लावलेला टोप होता. दर जास्त होता. चासी तिथे गेली.

पण त्याआधी पावसाळा जाऊ द्यावा लागला, आणि इथे काकांशी पहिला खटका उडाला. गाडी खंडेनवमीला पूजेसाठी उभी राहिली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. हार, लिंबू, चाकांना कुंकू, आणि शेजारच्या वाड्यातले कन्नड बोलणारे सोबती आयुधपूजेचा प्रसाद घेऊन येतात तेव्हा त्यांना दाखवायला नवी गाडी, एवढे साधे ते स्वप्न होते. मला ते मोडताना वाईट वाटले. पण आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना इपॉक्सी मारू नये, आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावे, ही अट आमच्या भाद्रपद-आश्विनात पाळणे अवघड. खंडेनवमीला चासीची उघडीच पूजा झाली. काकांनी ठोकळ्यांवरच्या सांगाड्याला हार घातला आणि माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

काम फेब्रुवारीत झाले. आधी सोड्याच्या गरम पाण्याने आणि डिटर्जंटने चासी पुन्हा पुन्हा धुतली, कारण वर्षानुवर्षे दर मे महिन्यात तिच्यावर जळके ऑईल मारलेले होते आणि तेलकट पोलादावर खडी मारली तर तेल आतच ठोकले जाते. चासी नंबर कोरलेल्या जागेवर ग्रीस लावून जाड टेप बसवला. तो नंबर खडीने पुसला गेला असता तर आरटीओत गाडीला ओळखच उरली नसती. हँगरपाशची ती पट्टी मिस्त्रींनी रिव्हेट कापून उघडली, आणि तिथे एक आश्चर्य निघाले. कडेने गंजाने सगळे खाल्ले होते, पण मधोमध, दोन पत्रे जिथे घट्ट चिकटून राहिले होते तिथे, तळहाताएवढा तुकडा कोरा होता. त्यावर जुना तांबडा प्रायमर, मऊ चकाकीसह, कालच मारल्यासारखा शाबूत. मी जागेवर बसलो. ज्या रेड ऑक्साईडला मी मनातल्या मनात मोडीत काढले होते, त्याने स्वच्छ पोलादावर, पाणी न पोहोचणाऱ्या जागी, आपले काम चोख केले होते. दुकानदाराचा डबा वाईट नव्हता. गंजावर मारला तर कुठलाही डबा वाईटच.

ब्लास्ट होऊन आलेली चासी काकांनी बराच वेळ बघितली. उभ्या आयुष्यात त्यांनी ती या रंगात पाहिली नव्हती. फिकट, दाणेदार, जरा भीती वाटावी इतकी उघडी. त्यांनी सवयीने तिच्यावर हात ठेवला तेव्हा ब्लास्टिंगवाला पोरगा ओरडला, "हात लावू नकोसा, मामा!" घामातले मीठही तिला सोसत नाही. सकाळी बघितले तर तळव्याची फिकी तपकिरी खूण खरोखरच उमटली होती, आणि मागच्या क्रॉस मेंबरवरचे खड्डेही काळपट झाले होते. शिरोड्याचे मीठ अजून तिथे होते. ते डाग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पुन्हा हलकी खडी मारावी लागली. काही खड्डे तरीही मनासारखे झाले नाहीत.

त्या खड्ड्यांनीच निवड पक्की केली. शेवटी आम्ही घेतला तो इपॉक्सी मॅस्टिक, पृष्ठभागाचे थोडे उणेदुणे सोसणारा, जाड बसणारा, दोन डब्यांचा, एकात रंग आणि दुसऱ्यात त्याला घट्ट करणारा हार्डनर. त्यात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. थर सुकताना त्या कौलांसारख्या एकीवर एक आडव्या बसतात आणि पाण्याला आत शिरायला फार लांबचा रस्ता घ्यावा लागतो. एका हातात दीडशे मायक्रॉनच्या आसपास सुकलेला थर मिळतो, साध्या इनॅमलला त्यासाठी किती हात लागले असते. सकाळी दव असे, हवा तापली तरी जड पोलाद थंडच राही, म्हणून अकरा वाजल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि चारनंतर ब्रश धरायचा नाही असे ठरले. ओला थर दवात सापडला तर इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो आणि तो धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. हार्डनर मिसळल्यावर डबा हातात हळूहळू कोमट होत जातो, मग गरम, आणि एका क्षणी ब्रश ओढला जाईनासा होतो, तेव्हा उरलेले निमूटपणे टाकून द्यायचे. म्हणून थोडे थोडे कालवत गेलो.

कडा आणि रिव्हेट काकांनी केले. धारदार कडेवरून रंग सुकताना मागे ओढला जातो आणि नेमका तिथेच थर पातळ राहतो, म्हणून सबंध हात मारण्याआधी प्रत्येक कड, प्रत्येक रिव्हेटचे डोके, प्रत्येक भोक गोल ब्रशने वेगळे रंगवायचे असते. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणी बघत नाही. काकांनी चष्मा लावून, गुडघ्याखाली पोते टाकून ते केले. ब्रश रिव्हेटभोवती फिरवायचा, दाबायचा, उलट फिरवायचा. मधूनच ते एखाद्या रिव्हेटपाशी थांबत आणि ही कुठल्या घाटात, कुठल्या वजनाखाली ढिली झाली होती ते सांगत. सांगून झाले की पुढची.

दुसरा खटका रंगछटेवरून उडाला, आणि तो खंडेनवमीपेक्षा मोठा होता. वरचा पॉलियुरेथेनचा हात मी स्मोक ग्रे ठरवला होता. इपॉक्सी उन्हात पांढरी भुकटी धरतो, म्हणून वर पॉलियुरेथेन हवा, इथवर काकांना मान्य होते. पण करडा? "तुझं सगळं बरोबर हाय, खरं चासी काळीच असते," ते म्हणाले. मी त्यांना सांगत राहिलो की काळ्यावर गंजाचा पहिला ओघळ दिसत नाही, तेलाची गळती दिसत नाही, चिरेची बारीक रेषही दिसत नाही. करड्यावर हे सगळे लांबून दिसते. त्यांचे म्हणणे असे की गाडीच्या पोटातले लोकांना दाखवायचे कशाला. बोलता बोलता मला जाणवले की त्यांना गंजाची नव्हे, लाजेची काळजी आहे, आणि या घरात ती लाज एकट्या त्यांच्या वाट्याला आली आहे. गाडी कुणी उभी केली, हे आमच्याकडे कधीही मोठ्याने बोलले गेलेले नाही. त्या दिवशीही बोलले गेले नाही. मी म्हणालो, रिम आणि पुढचा बंपर तुम्ही म्हणाल त्या रंगात. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही आणि मग रिमला लाल सांगितला. काळा नव्हे, लाल.

पट्टी परत बसवताना आतल्या दोन्ही बाजूंना रंग दिला आणि मध्ये सीलंट भरून रिव्हेटऐवजी उच्च ताकदीचे बोल्ट घातले. क्रॉस मेंबरच्या आतल्या पोकळीत मात्र कुठलाच ब्रश जात नाही. तिथे काकांचे जळके ऑईल आठवले. त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. तेल फटीत शिरते, पाण्याला हुसकते आणि स्वस्त असते. फक्त इंजिनातून निघालेल्या तेलात आम्ल असते, धातूचा कीस असतो, आणि ते ठिबकून विहिरीकडच्या जमिनीत मुरते. त्याऐवजी पोकळ्यांसाठीचे पातळ मेण लांब नळीने आत फवारले. ते रंगासारखे कायमचे नाही, दरवर्षी पावसाआधी पुन्हा मारावे लागते. काकांना हे एकच कलम मनापासून आवडले. दर मे महिन्यात गाडीखाली शिरायचे, हे त्यांना ओळखीचे होते.

पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या यू बोल्टच्या नटाखालून एक नारिंगी ओघळ उतरलेला मिळाला. पान्याने तिथला रंग उडाला होता. नट सैल करून, घासून, ब्रशने दोन हात देऊन तो बंद केला. उरलेल्या हार्डनरच्या डब्यावरची मुदत मात्र जवळ आली आहे, आणि हा रंग मोठ्याच जोडीत मिळतो. यंदा मेणासाठी बेळगावला जाणे होईलच, तेव्हा छोटी जोडी मिळते का ते बघायला काकांनी सांगितले आहे, आणि लाल रंगाचाही एक लहान डबा.